बिनपहाऱ्याची तार

एखादी जुनी मोटार रात्रीं बंद करून ठेवावी, किल्ली खिशांत घालून मालकानें निजावें आणि पहाटे गाडी पेटलेली दिसावी, असा प्रसंग ज्याच्यावर येतो त्याला पहिला प्रश्न सुचतो तो एकच. यंत्र बंद होतें, दिवे मालवलेले होते, किल्ली जागेवर नव्हती. मग आग आली कोठून? शेजारीपाजारी घातपाताचा तर्क करतात, कोणी पेट्रोलच्या गळतीला दोष देतो. पण पुष्कळ वेळां खरा अपराधी निराळाच असतो. बॅटरीपासून निघून 'सेल्फ'कडे जाणारी बोटाएवढी जाड तार किल्ली काढली तरी जागीच असते. मोटारींतील इतर बहुतेक तारांवर फ्यूजचा पहारा असतो, हिच्यावर नसतो. हा पहारा कां ठेवला गेला नाहीं, आणि तो नसतां ही तार निर्धोक राखण्यासाठीं गेल्या शंभराहून अधिक वर्षांत काय काय योजना झाल्या, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

बॅटरीचा जन्म मोटारीच्या पुष्कळच आधींचा. इटलींतील व्होल्टा यानें १८०० सालीं आपली प्रसिद्ध चळत जगापुढें मांडली. पण ती एकदां संपली कीं संपली. रिता झालेला घट पुन्हां भरतां यावा ही युक्ति साधली ती गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाला, १८५९ सालीं. शिशाचे पातळ पत्रे सौम्य गंधकाम्लांत बुडवून त्यानें हा घट सिद्ध केला. पुढें १८८१ च्या सुमारास कामिय फोर यानें पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लगदा थापण्याची रीत काढली आणि घटाची साठवण वाढली. या शिशाच्या घटाचा एक गुण त्याच्या पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशीं आहे. त्याचा अंतर्गत रोध फार थोडा असतो. मागणी केली कीं तो क्षणार्धांत प्रचंड प्रवाह देऊं शकतो. हाच त्याचा गुण, आणि सांभाळलें नाहीं तर हाच त्याचा दोष.

आरंभींच्या मोटारींना या औदार्याची गरज नव्हती. कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं ज्या तीन चाकी गाडीचें पेटंट मिळविलें तिच्यांत विद्युत् होती ती केवळ ठिणगी पाडण्यापुरती. त्यासाठीं बारीक तार पुरत असे. पुढें बॉशच्या कारखान्यानें मॅग्नेटो मोटारीला जोडला आणि १९०२ सालीं उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला, तेव्हां ठिणगीसाठीं सुद्धां बॅटरीची आवश्यकता उरली नाहीं. रात्रीं दिवे लावावयाचे ते कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूचे. १९०८ सालीं हेन्री फोर्डनें बाजारांत आणलेली सुप्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडी मॅग्नेटोवरच चालत असे. अशा गाडीला दुसरीं संकटें कितीही असलीं तरी बॅटरीची तार घासून ती पेटण्याचें भय नव्हतें. कारण ती तारच नव्हती.

परंतु गाडी सुरू करावयाची कशी? पुढच्या बाजूस लोखंडी हँडल घालून, अंगांतील सगळें बळ एकवटून तें फिरवावयाचें. ठिणगी वेळेआधीं पडली तर यंत्र उलटा हिसका देई आणि मनगट मोडे. म्हणून जाणते ड्रायव्हर नवशिक्याला बजावीत कीं अंगठा हँडलाभोंवतीं गुंडाळूं नये, तो बोटांच्याच बाजूला ठेवावा. वृद्धांना, अशक्तांना आणि बऱ्याच स्त्रियांना दुसऱ्याच्या मदतीवांचून मोटार चालविणें यामुळें दुष्कर होतें. अमेरिकेंत बायरन कार्टर नांवाचे एक मोटार-कारखानदार होते. वाटेंत बंद पडलेली एका बाईची गाडी सुरू करून देतांना हँडलाचा तडाखा त्यांच्या जबड्याला बसला, त्याच दुखण्यांत १९०८ सालीं त्यांचा अंत झाला, आणि त्या दुःखानें कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलंड यांनीं हँडलाला रजा देण्याचा निश्चय केला, अशी कथा प्रसिद्ध आहे. तिच्या तपशिलाबद्दल इतिहासकारांत एकमत नाहीं. पण हँडलानें हात मोडणें ही त्या काळीं नित्याची गोष्ट होती याबद्दल कोणाचाच मतभेद नाहीं.

लेलंड यांनीं हें काम सोंपविलें तें चार्ल्स केटरिंग या तरुण इंजिनियराकडे. यंत्र फिरवावयाचें तर विजेची मोटर यंत्राच्याच मानानें मोठी हवी आणि ती गाडींत मावणार नाहीं, असें त्या वेळीं बहुतेकांचें मत होतें. केटरिंग यांना अनुभव होता तो दुकानांतील रोकड मोजणाऱ्या यंत्राला मोटर बसविण्याचा. त्या कामांत त्यांना एक मर्म कळलें होतें. जी मोटर क्षणभरच राबणार तिच्यावर तिच्या ताकदीबाहेरचा भार घातला तरी चालतो. तापण्यापूर्वींच तिचें काम आटोपतें. या मर्माच्या बळावर त्यांनीं १९११ च्या आरंभीं कॅडिलॅक गाडीवर आपला 'सेल्फ स्टार्टर' चालवून दाखविला, आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारी तो घेऊनच बाजारांत आल्या. थोड्याच वर्षांत हँडल केवळ अडीअडचणीचें साधन होऊन राहिलें. मोडलेल्या मनगटांची गणती घटली आणि स्त्रियांच्या हातीं मोटारीचें चाक आलें. हा लाभ लहान नव्हे.

पण त्या लाभाची किंमत तारेच्या रूपानें द्यावी लागली. गाडीचे दोन्ही मोठे दिवे मिळून बारा व्होल्टच्या बॅटरीकडून आठ-दहा अँपिअर प्रवाह घेतात. सेल्फ मात्र फिरूं लागतांना दीडशे-दोनशे, आणि थंडीच्या सकाळीं त्याहूनही अधिक अँपिअर मागतो. तेवढा प्रवाह वाहून न्यावयाचा म्हणून तार जाड हवी. त्यांतच दुसरा एक निर्णय झाला. विद्युत्प्रवाहाला जाण्याची एक आणि परतीची एक अशा दोन वाटा लागतात. प्रत्येक उपकरणाला दोन स्वतंत्र तारा द्याव्या, कीं एक तार देऊन परतीची वाट गाडीच्या लोखंडी सांगाड्यांतूनच काढावी, असा वाद आरंभींच्या इंजिनियरांत होता. एकतारी पद्धतींत तांबें वांचतें आणि जोड कमी होतात. म्हणून अखेर तीच रूढ झाली. बॅटरीचें एक टोक सांगाड्याला बांधलें गेलें, त्याला 'अर्थ' म्हणूं लागले. पण त्याच दिवसापासून मोटारीचा प्रत्येक पत्रा, प्रत्येक बोल्ट, प्रत्येक नळी ही जणूं बॅटरीचें दुसरें टोक झाली. मग जाड तारेचें आवरण कोठेंही फाटलें आणि तांबें पत्र्याला टेकलें कीं मंडल पुरें!

अशा वेळीं काय होतें हें ओहम आणि ज्यूल या दोघांच्या नियमांवरून सहज कळतें. ओहमनें १८२७ सालीं दाखविलें कीं दाब तोच राहून रोध घटला कीं प्रवाह त्याच प्रमाणांत वाढतो. बॅटरीचा आंतला रोध आणि तारेचा रोध मिळून एक ओहमचा शंभरावा भाग धरला, तर बारा व्होल्टच्या बॅटरींतून बाराशें अँपिअर प्रवाह वाहूं लागेल. ज्यूलनें १८४१ सालीं सिद्ध केलें कीं उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते; प्रवाह दसपट झाला तर उष्णता शंभरपट. बारा व्होल्ट आणि बाराशें अँपिअर यांचा गुणाकार चौदा हजार वॅटांच्या वर जातो. घरांतील कपड्यांना करावयाच्या चौदा इस्त्र्या एकदम तापविल्याप्रमाणेंच हें आहे. आणि ही सारी शक्ति बॅटरी, ती तार आणि जेथें तांबें पत्र्याला टेकलें तो मोहरीएवढा बिंदु यांतच खर्च व्हावयाची. शिसें ३२७ अंशांवर वितळतें, तांबें १०८५ अंशांवर. आवरणाचें रबर त्याच्या किती तरी आधीं पेटतें. बारा व्होल्टांनीं माणसाला झटका बसत नाहीं, म्हणून हा दाब निरुपद्रवी असा जो समज आहे तो येथेंच फसवितो. झटका दाबाच्या जोरावर बसतो, आग लागते ती प्रवाहाच्या.

मग या तारेवर फ्यूज कां नाहीं? फ्यूजची कल्पना तर जुनीच. फ्रान्समधील ब्रेगे यानें १८४७ सालीं तारायंत्राच्या कचेऱ्या विजेच्या लोळापासून वांचविण्यासाठीं मध्येंच बारीक तार घालण्याचा उपाय सुचविला होता. एडिसननें १८९० सालीं फ्यूजचें पेटंट घेतलें. अधिक प्रवाह आला कीं दुबळी तार आधीं वितळते आणि बाकीचा पसारा वांचतो. मोटारींतील दिवे, भोंगा वगैरेंना हा उपाय लागू पडला. सेल्फच्या तारेची गोष्ट वेगळी होती. तिच्यांतून रोज न्याय्य रीतीनेंच शेंकडों अँपिअर वाहतात. तेवढें सोसणारा फ्यूज ठेवला तर तो संकटाच्या वेळीं लवकर वितळावयाचा नाहीं, आणि नाजूक ठेवला तर रोज सकाळीं गाडी सुरू करतांनाच वितळेल. शिवाय प्रत्येक जादा जोड म्हणजे थोडा रोध. सहा व्होल्टच्या जुन्या गाड्यांत व्होल्टाचा एखादा दशांश गमावणेंही परवडत नसे. म्हणून पिढ्यान् पिढ्या इंजिनियरांनीं ही एक तार बिनपहाऱ्याची ठेवली, आणि तिची सारी भिस्त आवरणावर व तिच्या वाटेवर टाकली.

आवरणाचाही इतिहास आहे. समुद्रांतील तारांसाठीं गटापर्चा या झाडाच्या चिकाचा उपयोग झाला. मोटारींत आलें तें गंधक घालून पक्कें केलेलें रबर, त्यावर सुताची वीण आणि तिच्यावर रोगण. नवी असतांना ही तार उत्तम. पण उष्णता, तेल आणि काळ हे रबराचे तीन वैरी. त्यांच्या संगतींत तें आधीं कडक होतें, मग तडकतें, आणि वांकविलें कीं खपल्या पडतात. रबरांतील गंधकानें तांबें काळवंडतें, म्हणून तारेला कल्हई करावी लागे. बॅटरीच्या आम्लाचे तुषार सूत खाऊन टाकीत. पुढें १९२६ सालीं अमेरिकेंत वाल्डो सेमन यांनीं पीव्हीसी हा पदार्थ मऊ व लवचीक करण्याची कृति शोधली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत मोटारींतील सूतरबराची जागा हळूहळू त्यानें घेतली. तो तेलापाण्याला दाद देत नाहीं. तथापि अति उष्णतेनें नरम पडतो आणि वर्षानुवर्षांनीं ताठर होतो. तात्पर्य, कायमचें आवरण अजून निपजलें नाहीं. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडींतील मूळची तार बाहेरून धड दिसली तरी तिच्यावर विश्वास टाकणें शहाणपणाचें नाहीं.

वाटेची गोष्ट समजण्यासाठीं दोन जगप्रसिद्ध गाड्यांकडे पाहावें. पहिली जर्मनीची 'बीटल'. १९४५ च्या अखेरीस तिचें नियमित उत्पादन सुरू झालें आणि २००३ सालीं मेक्सिकोंत शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत तिच्या दोन कोटींहून अधिक प्रती निघाल्या. तिचें यंत्र मागें असतें आणि बॅटरी मागच्या बैठकीखालीं उजव्या बाजूस. त्यामुळें सेल्फची तार आंखूड राहिली, ही योजना तारेच्या दृष्टीनें चांगलीच होती. पण वर बैठक, बैठकींत पोलादी स्प्रिंगा आणि त्यांवर काथ्या किंवा केसांचें भरण! कारखान्यानें बॅटरीवर झांकण दिलें होतें. वर्षें लोटलीं, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेली, झांकण हरवलें, मूळ बॅटरीच्या जागीं किंचित् उंच बॅटरी आली. एके दिवशीं मागें एखादे भारदस्त गृहस्थ बसले, स्प्रिंग दबून बॅटरीच्या दोन्ही टोंकांना टेकली आणि बैठकीखालून धूर निघूं लागला. हा प्रकार त्या गाडीच्या मालकांत इतका परिचित झाला कीं झांकण जागेवर आहे कीं नाहीं हें पाहणें हा जुनी बीटल विकत घेणाऱ्याचा पहिला नियम होऊन बसला. ज्या वस्तूला मोडण्यासारखें कांहींच नसतें तीच आधीं हरवते.

दुसरी गाडी इंग्लंडची 'मिनी'. ॲलेक इसिगोनिस यांनीं रचलेली ही चिमुकली मोटार १९५९ च्या ऑगस्टमध्यें लोकांपुढें आली. पुढें यंत्र आडवें बसविल्यामुळें तेथें बॅटरीला जागा उरली नाहीं. ती मागें सामानाच्या कप्प्यांतील खोलगट भागांत गेली. म्हणजे सेल्फची तार गाडीच्या पोटाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत धांवूं लागली. खालून चिखल, पाणी, दगडगोटे. मध्यें पत्र्याला भोंक पाडून आंत-बाहेर येण्याच्या जागा. भोंकाच्या पत्र्याची कड सुरीसारखी धारदार असते. तिच्यावर तार वर्षानुवर्षें गाडीच्या थरथरण्याबरोबर घासत राहिली तर आवरण कापलें जाणारच. यावर उपाय काय, तर भोंकांत बसविलेलें रबराचें एक कडें, ज्याला मिस्त्री लोक 'ग्रोमेट' म्हणतात. त्याची किंमत ती काय! पण हजारों रुपयांची गाडी आणि तिच्यांत बसणाऱ्यांचे प्राण त्या कड्यावर अवलंबून असतात.

आतां पाना हातांत घेणाऱ्याचा विचार. 'बॅटरी सोडतांना आधीं निगेटिव्ह तार काढावी' असा नियम आज सर्वत्र तोंडपाठ आहे. आजच्या गाड्यांपुरता तो बरोबर आहे. पण इतिहास न जाणतां तो जुन्या गाडीला लावला तर तोच घात करील. इंग्रजी कारखान्यांनीं १९३५ च्या आगेंमागें बॅटरीचें पॉझिटिव्ह टोक सांगाड्याला जोडण्याची प्रथा घेतली. त्यामुळें गंज कमी धरतो असा समज होता. १९६० नंतरच्या दशकांत आल्टर्नेटर आणि ट्रान्झिस्टर आल्यावर ही प्रथा मागें पडून निगेटिव्ह टोक पुन्हां सांगाड्याला गेलें. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर एके काळीं धांवणाऱ्या ऑस्टिन, मॉरिस, हिलमन वगैरे इंग्रजी मोटारींपैकीं बऱ्याच त्या मधल्या काळांतील आहेत. अशा गाडींत निगेटिव्ह तार ही अर्थची नसून जिवंत असते. ती आधीं सोडूं गेल्यास पान्याचें एक टोक बोल्टवर आणि दुसरें पत्र्यावर टेकतांच बॅटरीचीं दोन्ही टोकें पान्यानें जोडलीं जातात. म्हणून खरा नियम असा कीं जी तार सांगाड्याला गेली आहे ती आधीं सोडावी आणि सर्वांत शेवटीं जोडावी. अर्थची तार सोडतांना पाना पत्र्याला लागला तरी विघ्न नाहीं, कारण तीं दोन्हीं एकच आहेत. आणि ती एकदां सुटली कीं दुसरी सोडतांना पाना कोठेंही लागला तरी मंडल पुरें होत नाहीं. बोटांतील अंगठी आणि मनगटावरील धातूचा पट्टा काढून ठेवण्याचें कारणही हेंच. पाना व पत्रा यांमध्यें सांपडलेली अंगठी क्षणांत लाल होते आणि ती बोटांतून काढतां येत नाहीं. शिवाय भरत असलेल्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. तेथें ठिणगी पडली तर बॅटरी फुटून आम्ल डोळ्यांत जाण्याचा धोका निराळाच.

पुढच्या काळांत पहाऱ्याच्या नव्या युक्त्या निघाल्या. अमेरिकन गाड्यांत १९६० नंतरच्या दशकांत मुख्य तारेपासून फुटणाऱ्या शाखांना मुद्दाम बारीक ठेवलेल्या तारेचा तुकडा जोडूं लागले. शाखा शॉर्ट झाली तर तो तुकडा वितळतो. पेट्रोल वाहणाऱ्या टँकरांना आणि शर्यतीच्या मोटारींना बॅटरीच तोडून टाकणारा खटका आला. मागें बॅटरी असलेल्या आपल्या गाड्यांसाठीं बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीनें गेल्या शतकाच्या अखेरीस आणखी पुढची योजना केली. अपघात झाल्याची सूचना मिळतांच बॅटरीच्या टोकांतील चिमूटभर दारू उडते आणि सेल्फची तार तत्क्षणीं बॅटरीपासून अलग होते. दिवे आणि दारांचीं कुलुपें मात्र चालू राहतात. केटरिंग यांच्या सेल्फनंतर ऐंशींहून अधिक वर्षांनीं या तारेला खरा पहारेकरी मिळाला तो असा.

पण जुन्या गाडीला तो नाहीं. मुंबईची ओळख बनलेली 'प्रीमियर पद्मिनी' टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्यें रस्त्यावरून निवृत्त झाली. त्या पिढीच्या गाड्या आतां उरल्या त्या बहुधा हौशी मालकांच्या घरीं. वडिलांची आठवण म्हणून, किंवा केवळ प्रेमानें जपलेल्या. अशा गाडीचा रंग आणि निकेल चकचकीत ठेवण्यांत हौस असते, परंतु पोटाखालची तार पाहण्याचें सुचत नाहीं. इतिहासानें शिकविलेले उपाय मात्र साधे आहेत. तडकलेली तार मुळाच्याच जाडीची नवी घालावी. सहा व्होल्टच्या गाडीला बारा व्होल्टच्या गाडीची बारीक तार घालूं नये, कारण निम्म्या दाबावर तेवढेंच काम करावयाचें तर प्रवाह दुप्पट लागतो. प्रत्येक भोंकांत ग्रोमेट असावें, आणि तार धुराच्या नळीपासून व हलणाऱ्या भागांपासून दूर, चिमट्यांनीं नीट बांधलेली असावी. बॅटरी पट्टीनें घट्ट आवळलेली असावी. सैल बॅटरी खड्ड्यांत उसळते आणि तिचें टोक बॉनेटच्या पत्र्याला भिडतें. जिवंत टोकावर रबराची टोपी असावी. आणि गाडी दिवसेंदिवस उभीच राहणार असेल तर अर्थच्या तारेवर एक खटका बसवून रात्रीं तो बंद करावा. एवढें केलें म्हणजे किल्ली काढल्यानंतरही जागी राहणारी ती तार खरोखरच झोंपते.

हँडलाचा धोका डोळ्यांपुढें होता; प्रत्येकजण त्याला भीत असे आणि म्हणून सांभाळीत असे. सेल्फनें तो धोका नाहींसा केला, परंतु त्याच्या जागीं दुसरा एक धोका बैठकीखालीं आणि पोटाखालीं नेऊन ठेवला. जो धोका दिसत नाहीं त्याची आठवण कोणी तरी ठेवावी लागते. कारखाना ती काहीं वर्षें ठेवतो. त्यानंतर ती ठेवण्याचें काम गाडी जपणाऱ्याकडे येतें.